पुढच्या चाकांचा ब्रेक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या, तेव्हा त्यांच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसे. सुरुवातीची पद्धत घोडागाडीचीच होती: ठोकळा चाकाच्या धावेवर दाबायचा. भरीव रबराला ते चाले. हवेचा टायर मात्र त्याने फाटे. मग ब्रेकची जागा बदलली. गिअरबॉक्सच्या फिरत्या दांड्यावर ड्रम आला आणि त्याभोवती आवळणारा पट्टा. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीचा पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्येच होता, हाताचा ब्रेक तेवढा मागच्या चाकांत. अशा रचनेत थांबवण्याचा सगळा ताण दांडा आणि डिफरन्शियलमधून मागच्या चाकांवर जाई. दांडा तुटला तर पायाचा ब्रेकही गेला. बोरघाटासारख्या लांब उतारावर पट्टे तापून निकामी होण्याची धास्ती असे.

लुई रेनोने १९०२मध्ये ड्रमच्या आतून उघडणाऱ्या ब्रेकशूची रचना आणली. शू ज्या पाटीवर बसवायचे ती मागच्या अॅक्सलला घट्ट बोल्ट केली की काम झाले. धूळ-पाण्यापासूनही थोडे संरक्षण मिळे. पुढच्या चाकांचे तसे नव्हते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणजे खरी पकड पुढच्याच चाकांना मिळते. तरी त्यांना ब्रेक मिळायला उशीर झाला तो प्रामुख्याने बसवण्याच्या अडचणीमुळे. पुढचे चाक किंगपिन या उभ्या खिळीभोवती वळते, स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली-वर होते. अशा हलत्या चाकापर्यंत सळई न्यायची, तर स्टिअरिंग फिरवताच एखादा ब्रेक आपोआप लागायचा. शिवाय ब्रेकच्या जोराने अॅक्सलला पीळ बसे आणि स्टिअरिंग ओढले जाई.

१९१०च्या सुमारास स्कॉटलंडच्या आर्गाइल कंपनीत हेन्री पेरो यांनी सांध्यांच्या दांड्याने यातून वाट काढली. इटलीच्या इसोटा फ्रास्कीनी कंपनीनेही चारही चाकांचे ब्रेक आणले. लोकांचा विश्वास मात्र लवकर बसला नाही. विसाच्या दशकात इंग्लंडमधल्या काही मोटारींच्या मागे, गाडीला चारही चाकांचे ब्रेक आहेत, असा इशारा देणारा लाल त्रिकोण लावत. पुढची गाडी अचानक थांबेल, ही भीती रास्तच होती. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत पुढच्या ब्रेकची कळ पोकळ किंगपिनमधून खाली उतरवली. वळणाच्या अक्षावरच ती असल्याने चाक कितीही वळले तरी ब्रेकवर परिणाम होईना. एवढा साधा उपाय सुचायला वर्षे गेली, याचे नवल वाटते.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८मध्ये जुळणी कारखाना सुरू केला. त्याच वर्षीच्या शेवरलेट नॅशनल मॉडेलला प्रथमच चारही चाकांचे ब्रेक मिळाले होते. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक रुळले. सळईच्या जागी लवचीक रबरी नळी आली आणि वळणाऱ्या चाकाची अडचणच उरली नाही. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात निघालेल्या फियाट ११००मध्ये हीच रचना होती: चारही चाकांत ड्रम आणि तेलाचा दाब.