माहुलचे दोन कागद

मुंबईतल्या माहुलचे प्रकरण समजून घ्यायचे तर दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. एक, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचा १८ डिसेंबर २०१५ चा निकाल. दुसरा, त्यानंतर शहराला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपडीधारकांना मिळालेले माहुलमधील घराचे वाटपपत्र.

पहिल्या कागदामागे माहुल आणि आंबापाड्याच्या मूळ रहिवाशांनी न्यायाधिकरणात केलेला दावा आहे. गावाला खेटून भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या, शिवाय एजिस लॉजिस्टिक्स आणि सी लॉर्ड कंटेनर्स या कंपन्यांच्या रसायनसाठ्याच्या टाक्या. डोळे चुरचुरतात, जीव कोंडतो, ही तक्रार गावात जुनीच. पण ती पुराव्यात बसवायची कशी? इथे केईएम रुग्णालयाची २०१३ ची पाहणी कामी आली. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८४.५ टक्क्यांना घुसमट जाणवत होती आणि ८६.६ टक्क्यांचे डोळे जळजळत होते. न्यायाधिकरणाने निष्कर्ष काढला, की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला स्पष्ट धोका आहे.

आता दुसरा कागद. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची १० मीटर जागा मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यासाठी उठवलेल्या कुटुंबांना महापालिकेने माहुलमधल्या प्रकल्पबाधितांच्या वसाहतीत पाठवले. ७२ इमारती, १७ हजारांवर घरे. २०१७ मध्ये जलवाहिनीलगतच्या विद्याविहारच्या वस्त्या पाडल्या गेल्या तेव्हा न्यायाधिकरणाचा निकाल येऊन वर्ष उलटून गेले होते.

प्रशासनाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा उरत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या दाव्यात प्रतिवादी होते. आणि ज्या केईएमच्या आकड्यांवर गावकऱ्यांची बाजू उभी राहिली, ते रुग्णालय खुद्द महापालिकेचे. धोक्याचा अहवाल आणि वाटपपत्रे एकाच संस्थेच्या दोन विभागांतून निघाली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटते ते हेच. ज्यांच्याकडे नकार देण्याची ताकद नव्हती, अशाच लोकांना तिथे पाठवले गेले.

हे दोन कागद एकत्र आणले ते विस्थापितांनी. झोपडीधारकांच्या घरहक्कासाठी लढणाऱ्या घर बचाओ घर बनाओ आंदोलनाच्या साथीने त्यांनी ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारच्या पदपथावर ठिय्या दिला आणि त्याच वेळी उच्च न्यायालयात लढा चालू ठेवला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: जिथली हवा आरोग्याला घातक असल्याचे न्यायाधिकरणानेच नोंदवले आहे, तिथे पाठवणे हे पुनर्वसन ठरत नाही, राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा तो भंग आहे. ३ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने या विस्थापित कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने यापुढे कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये, असा निकाल दिला.

मूळ गावकऱ्यांचा दावाही पुढे सरकला. १३ ऑगस्ट २०२० रोजी न्यायाधिकरणाने चारही कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई भरायला सांगितले. त्याविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विस्थापितांना निदान बाहेर पडण्याचा हक्क तरी मिळाला. गावकऱ्यांचे तर पिढ्यानपिढ्यांचे घरच तिथे आहे. त्यांच्यासाठी हवा सुधारणे हाच एकमेव न्याय आहे.

२०२५ मध्ये महापालिकेने माहुलमधली ९,०९८ रिकामी घरे स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विक्रीला काढली. त्यासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: आधी १८ डिसेंबर २०१५ चा निकाल मागून घ्या, तो वाचा आणि तेव्हापासून हवेत काय फरक पडला, हे महापालिकेला लेखी विचारा.