सरफोजीराजांचे शब्द आणि पार्वतीकुमार

'बॅले' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते पायाच्या बोटांवर उभी असलेली, पांढऱ्या झग्यातली नर्तकी. मराठी पुरुष तर मुळीच येत नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईत बॅले म्हणजे नाचातून सांगितलेली गोष्ट, मग तो नाच कुठला का असेना. ही वाट पाडली उदयशंकरांनी. १९२३ साली लंडनमध्ये ते आना पावलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचले, आणि नंतर भारतात येऊन त्यांनी आपल्याच नृत्यांतून नवं काहीतरी उभं केलं. पुढे मुंबईत शांती बर्धन यांनी माणसांना चक्क कठपुतळ्यांसारखं नाचवून 'रामायण' बसवलं.

याच मुंबईत पार्वतीकुमार होते (१९२१-२०१२). मूळ नाव महादेव कांबळी, कोकणातलं घराणं. चंद्रशेखर पिल्लै यांच्याकडे ते भरतनाट्यम शिकले. इंडियन नॅशनल थिएटरसाठी त्यांनी बसवलेला 'देख तेरी बंबई' हा बॅले गाजला. विषय देवादिकांचा नाही, तर मुंबई शहराचा! म्हटलं तर एवढ्यावर एखाद्याची कारकीर्द छान झाली असती.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यासाठी जरा तंजावरला जाऊ.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथे भोसल्यांचं राज्य स्थापन केलं, ते १८५५पर्यंत टिकलं. या घराण्यातले दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८-१८३२) म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणणारे राजे. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पू ते तिल्लाना असा जो क्रम असतो, तो बसवण्याचं श्रेय ज्या चार भावांना देतात, ते 'तंजावर चतुष्टय' याच दरबारातलं. आणि सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठीच्या रचना आहेत... मराठीत! त्यांना 'निरूपणं' म्हणतात. एकेका निरूपणात शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे अनेक प्रकार, पण सगळ्यांना मिळून एकच राग, एकच ताल आणि एकच कथा. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा मराठी बॅलेच म्हणा ना.

१९५०च्या दशकात सरस्वती महालानं ही निरूपणं पुस्तकरूपानं छापली. तरी ती नाचायची कशी, हा प्रश्न उरलाच. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. जुन्या सिस्टिमचा कोड सापडतो, पण ज्या मशीनवर तो चालायचा ते भंगारात गेलेलं असतं आणि लिहिणारे केव्हाच निघून गेलेले असतात. मग कागदावर सगळं आहे, आणि तरी हातात काहीच नाही. नाचाचं तर त्याहून अवघड, कारण तिथलं मशीन म्हणजे माणसाचं शरीर.

पार्वतीकुमार या कामाच्या मागे लागले. निरूपणांचा अभ्यास करून त्यांनी ती पुन्हा नाचता येतील अशी बसवली, 'तंजावर नृत्यप्रबंध' हा ग्रंथ लिहिला. पण मला यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते शिकवण्याचं. नंतरची वर्षं त्यांनी शिष्य घडवण्यात घातली. पुस्तक छापून शब्द वाचतात. नाच वाचतो तो कोणीतरी कोणालातरी समोर उभं करून, हात धरून शिकवलं तरच.

आणि इथे आपलं पुणं येतं. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुण्यात स्थायिक झाल्या. तंजावरच्या या मराठी रचना त्यांनी रंगमंचावर नेल्या, 'कलावर्धिनी'तून पुढच्या पिढीला शिकवल्या. भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड देणारी त्यांची 'नृत्यगंगा' बऱ्याच पुणेकरांना ठाऊक असेल. त्यामागचे गुरू मात्र सहसा ठाऊक नसतात. दुसऱ्या शिष्या संध्या पुरेचा २०२२ साली संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्ष झाल्या.

आपण 'मराठी वारसा' म्हटलं की किल्ले मोजतो. मोजावेतच. पण काही वारसा दगडात नसतो, तो माणसाकडून माणसाकडे जातो आणि मधली एक कडी निसटली की संपतो. तंजावरची कडी निसटलीच होती. ती एका कांबळ्यांनी पुन्हा जोडली.

तेव्हा भरतनाट्यमच्या एखाद्या कार्यक्रमात अचानक मराठी शब्द कानावर पडले, तर दचकू नका. ते घरचेच आहेत, फक्त तंजावरला वळसा घालून आलेत.