बाजारातील हाक ते संकेतस्थळावरील पॉप-अप : ग्राहक-आवाहनाचा इतिहास आणि हिंगोली जिल्ह्यातील हळदविक्री

प्रास्ताविक :

ग्राहकाचे लक्ष वेधणे ही व्यापाराची पहिली गरज होय. माल कितीही उत्तम असला तरी जाणाऱ्या-येणाऱ्याची पावले दुकानापाशी थबकल्याखेरीज व्यवहार घडत नाही. आठवडी बाजारातील विक्रेता त्यासाठी हाक देतो. ऑनलाइन दुकान 'पॉप-अप' दाखविते. संकेतस्थळावर आलेल्या व्यक्तीने मागणी केलेली नसताना मूळ पानावर एकाएकी उघडणारी चौकट म्हणजे पॉप-अप. सवलतीची सूचना, भ्रमणध्वनी क्रमांकाची विनंती, नव्या मालाची माहिती अशी तिची अनेक रूपे आहेत. प्रस्तुत लेखात या साधनाकडे केवळ तांत्रिक युक्ती म्हणून न पाहता, ग्राहकास आवाहन करण्याच्या दीर्घ परंपरेतील एक टप्पा म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आवाहनाचे प्रत्येक नवे माध्यम आरंभी ग्राहकाच्या वाटेत आडवे येते; समाज त्याला वेळेची, जागेची आणि नकाराच्या हक्काची मर्यादा घालतो; आणि ती मर्यादा पाळणारे माध्यमच दीर्घकाळ टिकते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. हिंगोली जिल्ह्यातील हळद उत्पादक आता थेट ग्राहकापर्यंत पोहोचू पाहत असल्याने या इतिहासाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

बाजारातील हाक आणि तिची शिस्त :

मराठी मुलखात सार्वजनिक आवाहनाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे दवंडी. हे काम वतनी सेवेचा भाग म्हणून प्रामुख्याने महार समाजावर लादले गेले होते. साऱ्या गावाला वार्ता देणाऱ्यास त्याच गावात मान नव्हता, हे विसरून या साधनाचे कौतुक करता येणार नाही. तथापि दवंडीच्या रचनेत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. प्रथम वाद्याचा आवाज होई, म्हणजे ऐकणारा सावध होई. नंतर वार्ता कोणाच्या वतीने आहे हे सांगितले जाई. शेवटी मोजक्या शब्दांत मजकूर सांगून दवंडी पुढच्या आळीकडे जाई. एकाच दारात ती उभी राहत नसे.

शेतमालाच्या बाजारात अशी शिस्त आपोआप आली नाही. ती कायद्याने आणावी लागली. आजच्या हिंगोली जिल्ह्याला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ म्हणून तो ओळखला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंगोली त्या वेळी निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखालील मुलखात होते. हैदराबाद संस्थानाने १९३० साली, म्हणजे १३३९ फसलीमध्ये, कृषी बाजारांसाठी स्वतंत्र कायदा केला.

या कायद्यांमागील प्रश्न समजून घेण्यासाठी रुमालाखालच्या सौद्याचे उदाहरण पुरेसे आहे. खरेदीदार आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला भाव कळत नसे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजारविषयक अधिनियमानंतर बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाची पद्धत रूढ झाली. हिंगोली येथील संत नामदेव हळद मार्केट यार्डात आज हळदीचे ढीग सर्वांसमोर मांडून बोली लागते, ती याच प्रदीर्घ प्रक्रियेची परिणती होय. व्यवहारातील दुबळ्या बाजूस सर्व काही दिसले पाहिजे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. पॉप-अपच्या चर्चेत हेच तत्त्व पुन्हा उपस्थित होते. फरक इतकाच की तेथे दुबळी बाजू ग्राहकाची असते.

छापील पान, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी :

विसाव्या शतकात आवाहनाची माध्यमे बदलली. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या मालाची वार्ता देणे हा तिचा मूळ हेतू. परंतु वाचनीय मजकुरामुळे तिचे पुढे मराठीतील एका महत्त्वाच्या मासिकात रूपांतर झाले. ग्राहकाकडे काही मागण्यापूर्वी त्याला काही द्यावे, हा विचार या उदाहरणातून स्पष्ट होतो.

विविध भारतीवर मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून १९६७ साली जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले आणि दूरदर्शनवर १९७६ साली. दोन्ही ठिकाणी जाहिरात गाण्याच्या अथवा कार्यक्रमाच्या आगेमागे येई. श्रोत्याला ती टाळता येत नसली तरी ती केव्हा संपणार हे त्याला ठाऊक असे. व्यत्यय होता, पण त्याला सीमा होती.

पॉप-अपचा उदय आणि त्यावरील प्रतिक्रिया :

पॉप-अप जाहिरातीचा जन्म १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. 'ट्रायपॉड' या संकेतस्थळावर काम करणारे ईथन झुकरमन यांनी जाहिरात स्वतंत्र खिडकीत उघडणारा संगणकीय संकेत लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकल्याने कंपनी नाराज झाली होती. जाहिरात आणि पान यांचा संबंध तोडण्यासाठी हा उपाय योजण्यात आला. २०१४ साली झुकरमन यांनी 'द अटलांटिक' या नियतकालिकातील लेखात याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. पॉप-अपची निर्मिती जाहिरातदाराच्या सोयीसाठी झाली. पान पाहणाऱ्याच्या सोयीचा विचार तिच्या मुळाशी नव्हता.

परिणामी प्रतिकार लवकरच उभा राहिला. ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझरांनी पॉप-अप रोखण्याची सुविधा दिली. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येही आली. तेव्हा स्वतंत्र खिडकीऐवजी त्याच पानावर पडद्यासारखी चौकट दाखविण्याची रीत रूढ झाली. ती पानाचाच भाग असल्याने जुन्या अटकावाला ओळखता येत नव्हती. भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर मात्र तिने सारा मजकूर झाकला जाऊ लागला. गूगलने जानेवारी २०१७ पासून अशा पानांचे शोधयादीतील स्थान खाली जाऊ शकेल असे धोरण लागू केले. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर त्रासदायक जाहिराती वारंवार दाखविणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती रोखू लागला.

भारतात हा प्रश्न ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' अर्थात फसव्या मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि तेरा प्रकार नमूद केले. त्यांतील निदान तीन प्रकार पॉप-अपमध्ये नेहमी आढळतात. 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे, हा पहिला. नकार देणाऱ्यास 'मला बचत नको' अशा वाक्यावर बोट ठेवावयास लावून ओशाळे करणे, हा दुसरा. एकदा नाही म्हटल्यावरही तीच विनंती पुनःपुन्हा पुढे करणे, हा तिसरा. १८८६ साली कारंजाच्या बाजाराला जे नियम लागू झाले, त्याच जातीचे नियम एकशे सदतीस वर्षांनी पडद्यावरील बाजाराला लागू झाले, असे म्हणता येईल.

हिंगोलीच्या संदर्भात उपयोजन :

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली असून वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. शेतकऱ्यांच्या गटाने हळकुंडाची भुकटी करून ऑनलाइन विकावयाचे ठरविल्यास संकेतस्थळापर्यंत ग्राहक आणणे हाच मोठा खर्च ठरतो. आलेला ग्राहक रिकाम्या हाताने परतू नये म्हणून पॉप-अपचा मोह होणे स्वाभाविक आहे. मोठ्या कंपनीला त्रासून निघून गेलेला ग्राहक लाखांतील एक असतो. लहान उत्पादकाची मात्र त्यात पत जाते.

उपरोक्त इतिहासाच्या आधारे काही सूत्रे मांडता येतात. पहिले सूत्र वेळेचे. पान उघडताच चौकट दाखविणे म्हणजे उंबरठ्यावरच ग्राहकाचा हात धरणे होय. त्याने माहिती वाचल्यानंतर, अथवा तो परत निघण्याच्या बेतात असताना केलेली सूचना अधिक उचित ठरते. परत निघण्याचा बेत संगणकावर माउसच्या हालचालीवरून ताडता येतो. भ्रमणध्वनीवर माउस नसल्याने तेथे वाचनाच्या प्रमाणावरूनच अंदाज बांधावा लागतो.

दुसरे सूत्र सत्याचे. हळद वर्षातून एकदाच निघते. म्हणून 'यंदाच्या हंगामातील माल संपल्यावर पुढील माल नव्या काढणीनंतरच' हे विधान खरे असेल तेव्हा ते अवश्य करावे. परंतु वाळविलेली हळद दीर्घकाळ टिकते आणि कोठारात पोती असताना 'शेवटचे दोन डबे' असे सांगणे ही फसवणूकच होय. मानांकित नावाचा वापरही १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन अधिनियमाखाली नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यानेच करावयाचा आहे.

तिसरे सूत्र देण्याचे. क्रमांक मागण्यापूर्वी हळद कोठे पिकली, कशी शिजविली व वाळविली, भेसळ घरी कशी ओळखावी, यांपैकी काही उपयुक्त माहिती द्यावी. क्रमांक कशासाठी हवा, हेही तेथेच सांगावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त व माहितीपूर्ण असावी, असे अपेक्षिले आहे.

चौथे सूत्र नकाराचे. बंद करण्याची खूण ठळक असावी, नकाराचे शब्द साधे असावेत आणि एकदा नकार दिलेल्या व्यक्तीस त्याच भेटीत पुन्हा विचारू नये.

परिणाम मोजतानाही सावधगिरी हवी. किती जणांनी क्रमांक दिले, एवढ्यावरून यश ठरविणे दिशाभूल करणारे असते. अर्ध्या अभ्यागतांना चौकट दाखवून व अर्ध्यांना न दाखविता दोहोंतील प्रत्यक्ष खरेदी, परत केलेला माल आणि दुसऱ्यांदा आलेले ग्राहक यांची तुलना करावी. लहान दुकानाकडे येणारे लोक थोडे असल्याने अशा तुलनेस काही आठवडे, प्रसंगी पूर्ण हंगाम द्यावा लागेल.

निष्कर्ष :

दवंडी, बाजार समिती, नभोवाणी आणि संकेतस्थळ या भिन्न काळांतील व्यवस्था असल्या तरी त्यांना एकच प्रश्न सोडवावा लागला : न विचारता बोलणाऱ्याने किती बोलावे? पॉप-अपचा प्रभाव तिच्या रंगात अथवा हालचालीत नसून या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ब्राउझरांचा अटकाव आणि कायद्याचे नियम हे व्यापाऱ्याचे शत्रू नाहीत. त्याने स्वतः न पाळलेली मर्यादा इतरांनी पाळावयास लावली, इतकाच त्यांचा अर्थ. हिंगोलीच्या हळद उत्पादकाने उघड लिलावाचे मोल जाणले आहे. जो उघडेपणा तो यार्डात खरेदीदाराकडून अपेक्षितो, तोच त्याने आपल्या ऑनलाइन ग्राहकाला दिला तर पॉप-अप त्याच्या उपयोगी पडेल. अन्यथा ग्राहक ती मिटवून टाकेल आणि तिच्याबरोबर दुकानही.