दुसरी बारी : ‘गिटार हीरो’ या तालक्रीडेच्या उत्तरभागाचा विचार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात डबलबारीच्या भजनाला रात्रभर बसणाऱ्या जाणत्या श्रोत्याची एक कसोटी ठरलेली असते. पहिल्या बुवाने अभंग, गवळण, गजर असा आपला डाव मांडल्यावर दुसऱ्याने केवळ अधिक पदे म्हटली, किंवा आवाज चढविला, एवढ्याने त्याची बारी सरस ठरत नाही. पहिल्या बारीत जे उणे राहिले त्याला दुसरीने उत्तर दिले पाहिजे. कोणत्याही कृतीचा उत्तरभाग पूर्वभागापेक्षा सरस केव्हा म्हणावा, या प्रश्नालाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. संगीतावर आधारलेल्या व्हिडिओ खेळांच्या अल्प इतिहासात तिचे एक बोधप्रद उदाहरण सापडते.

हा खेळप्रकार प्रथम जपानात रुजला. १९९६ साली तेथे ‘पारप्पा द रॅपर’ प्रसिद्ध झाला. पाठोपाठ कोनामी या कंपनीने ‘बीटमेनिया’ (१९९७), ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ (१९९८) आणि ‘गिटारफ्रीक्स’ (१९९९) हे खेळ आणले. तपशील भिन्न असले तरी या साऱ्यांचे मर्म एकच होते : पडद्यावरील खुणेबरहुकूम, तालाच्या नेमक्या क्षणी, खेळणाऱ्याने कळ दाबावी किंवा पाऊल टाकावे. अमेरिकेत १९९५ साली स्थापन झालेल्या हार्मोनिक्स या संस्थेने ‘फ्रीक्वेन्सी’ (२००१) व ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’ (२००३) हे खेळ रचले, आणि पुढे रेडऑक्टेन या कंपनीच्या साहाय्याने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ बाजारात आणला. पाच रंगीत कळा आणि तार छेडल्याचा भास देणारी एक पट्टी असलेली खेळण्यातील गिटार हे त्याचे वाद्य होय.

या पहिल्या बारीचे यश मोठे होते. तथापि तिच्यात दोन उणिवा होत्या. एक म्हणजे, अवघड जागा घोटण्याची सोय तिच्यात नव्हती. गीताच्या शेवटी चूक झाली तर सारे गीत आरंभापासून पुन्हा वाजवावे लागे. दुसरी अशी की, दोघे खेळावयास बसले तर ते एकाच गिटारीचे तुकडे आळीपाळीने वाजवीत. म्हणजे ते प्रतिस्पर्धी होते, साथीदार नव्हते.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या ‘गिटार हीरो २’ची महती सांगताना गीतांची संख्या ४७ वरून ६४ वर गेली, हे सहज पुढे केले जाते. परंतु संख्यावाढ हे उत्तर नव्हे. खरे उत्तर तिने वरील दोन ठिकाणी दिले. सरावासाठी तिने स्वतंत्र दालन उघडले. तेथे गीताचा हवा तो भाग निवडून, त्याची लय उतरवून, तो पुनःपुन्हा घोटता येऊ लागला. विलंबित लयीत बोल बसवून मग लय वाढविणे ही आपल्याकडील पखवाजाच्या शिकवणीची जुनी रीतच नव्हे काय? तसेच सहकाराच्या खेळात एकाने मुख्य गिटार आणि दुसऱ्याने बास किंवा तालाची गिटार वाजवावी, अशी योजना झाली. दोघांचे गुण एकत्र धरले जात आणि विशेष शक्ती वापरावयाची झाल्यास दोघांनी एकाच वेळी ती वापरावी लागे. पट्टी न छेडता लागोपाठचे स्वर वाजविण्याची क्रियाही पूर्वीपेक्षा सुकर करण्यात आली. अशा रीतीने एकट्याची परीक्षा ही मेळाची क्रीडा झाली. बुवा, पखवाजवादक आणि झांजकरी यांचे काम भिन्न असूनही सम एकच असते, हे मालवणच्या किनाऱ्यावरील श्रोत्यास वेगळे सांगावयास नको.

येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. यंत्राला केवळ नेमकेपणा कळतो. पखवाजवादकाने ऐनवेळी सुचलेली तिहाई घेऊन समेवर यावे, यात श्रोत्यास आनंद आहे. यंत्राच्या हिशेबी ती चूकच ठरेल. ही उणीव दुसऱ्या बारीनेही भरून काढली नाही.

पुढील इतिहास या विवेचनास पुष्टी देतो. २००६ सालीच रेडऑक्टेन ही कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनकडे, तर हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली. हार्मोनिक्सने २००७ मध्ये ‘रॉक बँड’ रचून गायन व ढोल यांनाही मेळात स्थान दिले; दुसऱ्या बारीचे सूत्र तेथे पुढे गेले. उलट, ‘गिटार हीरो’ या नावाने एकामागून एक भाग निघत राहिले. २००९ या एकाच वर्षी त्यांची इतकी गर्दी झाली की नवे काय, हा प्रश्न गौण ठरला. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने हा विभाग बंद केला. २०१५ साली त्याचे पुनरुज्जीवन करण्याचा एक यत्न झाला, परंतु पूर्वीचे वैभव परतले नाही.

तात्पर्य, उत्तरभागाचे मूल्य त्याच्या विस्ताराने मोजू नये. पूर्वभागाने मागे ठेवलेल्या कोणत्या प्रश्नास तो सामोरा गेला, हे पाहावे. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस, नाटकाच्या नव्या प्रयोगास, किंबहुना संशोधकाच्या दुसऱ्या प्रबंधासही हाच न्याय लागू आहे. ही दृष्टी आपल्या गावच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. अभ्यासकाने ती तेथून निःसंकोचपणे उचलावी.