ताम्बोराचा उद्रेक : भूमी आणि भाषा

ज्वालामुखीच्या उद्रेकाचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या, राखेचे थर आणि नष्ट झालेली शेते यांचा हिशेब प्रथम मांडला जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि या हिशेबात सहसा न येणारी एक हानी असते. इंडोनेशियातील सुम्बावा बेटावर १८१५ साली झालेल्या ताम्बोरा पर्वताच्या उद्रेकात एक संपूर्ण भाषा लुप्त झाली, ही ती हानी होय.

त्या काळी सुम्बावा बेटावर सुम्बावा, बिमा, दोम्पू, सांगार, पेकात व ताम्बोरा अशी सहा लहान राज्ये होती. पैकी अखेरची तीन राज्ये पर्वताच्या परिसरातच वसलेली होती. बेटावर भातशेती होई, आणि मध, घोडे, चंदन व रंगासाठी वापरले जाणारे पतंगाचे लाकूड यांचा व्यापार समुद्रमार्गे चाले.

५ एप्रिल १८१५ रोजी झालेल्या पहिल्या स्फोटाचा आवाज दूर जावा बेटावर ऐकू गेला. जावावर तेव्हा इंग्रजांचा अंमल असून रॅफल्स हा तेथील लेफ्टनंट गव्हर्नर होता. हा तोफांचा आवाज असावा, अशा समजुतीने योग्यकार्तातून सैन्यही हलविण्यात आले. मुख्य उद्रेक १० एप्रिलच्या संध्याकाळी झाला. सांगारच्या राजाने पर्वतशिखरातून अग्नीचे तीन स्तंभ उठताना पाहिले. पूर्वी चार हजार मीटरांहून उंच असलेला हा पर्वत आज सुमारे २,८५० मीटर उंच असून त्याच्या माथ्यावर सुमारे ६ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. पेकात व ताम्बोरा ही दोन राज्ये प्रजेसह नष्ट झाली.

अग्नीने मारले त्याहून कितीतरी अधिक लोक भुकेने मारले. राखेखाली भातखाचरे गाडली गेली, पाणी दूषित झाले, गुरे व घोडे मेले. रॅफल्सने तांदूळ देऊन पाठविलेल्या लेफ्टनंट फिलिप्सला सांगारचा राजा भेटला. दुष्काळात राजाची स्वतःची एक कन्या अन्नावाचून मरण पावली होती. जिथे राजगृहाची ही दशा, तिथे सामान्य शेतकऱ्याची अवस्था सांगावयास नको. पुष्कळांनी बेट सोडले, काहींनी स्वतःला व मुलांना विकले. १८४७ साली तेथे गेलेल्या स्विस निसर्गशास्त्रज्ञ त्सोलिंगरने प्रत्यक्ष उद्रेकात सुमारे १०,००० आणि सुम्बावावरील उपासमारीत सुमारे ३८,००० माणसे दगावल्याचा अंदाज दिला. बेटावरील लोक या काळाला ‘राखेच्या पावसाचा काळ’ म्हणू लागले.

आता भाषेकडे वळू. रॅफल्सच्या १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या जावाच्या इतिहासात ताम्बोरा भाषेचे ४८ शब्द छापले गेले. या भाषेचा आपल्याजवळ उरलेला पुरावा एवढाच. मलय, जावानी व बिमा या शेजारच्या भाषांत ‘पाच’ला ‘लिमा’ म्हणतात, कारण त्या एकाच ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत. ताम्बोराचे संख्यावाचक शब्द मात्र या मेळात बसत नाहीत. मार्क डोनोह्यू यांनी २००७ साली या यादीचे विश्लेषण करून ही भाषा ऑस्ट्रोनेशियन नसून पापुअन गटातील, आणि त्या गटातील ज्ञात भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडची असावी, असे प्रतिपादन केले. अर्थात ४८ शब्दांवरून ध्वनिव्यवस्थेचा थोडाफार अंदाज बांधता येतो; वाक्यरचना, क्रियारूपे वा नातेवाचक व्यवस्था यांविषयी काहीही सांगता येत नाही. २००४ साली राखेखालून एक घर, त्यातील माणसांचे अवशेष, मातीची भांडी व काशाची पात्रे उत्खननात सापडली. वस्तू अशा रीतीने हाती येऊ शकतात. लेखनात न उतरलेले बोलणे मात्र उत्खननाने मिळत नाही.

भूमीचा इतिहास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्वताच्या उतारांवर पुन्हा अरण्य वाढू लागले आणि पुढे तेथे कॉफीचा मळा लावण्यात आला. ज्या राखेने शेते बुडविली, तिच्यावरच नवी लागवड उभी राहिली. पेकात व ताम्बोरा ही नावेही आज प्रशासकीय विभागांची नावे म्हणून प्रचलित आहेत. परंतु ती उच्चारणारे लोक इतर भाषा बोलतात. म्हणून नैसर्गिक आपत्तीच्या परिणामांचा कालावधी ठरविताना भूमी किती वर्षांत सावरली, एवढेच पाहणे अपुरे ठरते. ताम्बोराच्या बाबतीत पीक परत आले आणि नाव टिकले. भाषेचे मात्र ४८ शब्द उरले.