रजा, राजी, रझाकार

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. नातवाने बहिणीच्या ताटातला पापड ओढला की त्या ओरडायच्या, "अरे रजाकारा, मागून घे की!" वय विचारलं तर म्हणायच्या, "ॲक्शनच्या वक्ताला मी परकरात होते." ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८ची, निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारताने केलेली पोलीस ॲक्शन; आणि रजाकार म्हणजे निजामाच्या बाजूचं तिथलं सशस्त्र दल.

त्यांचा तो 'रजाकार' मला पुन्हा आठवला तो ऑफिसात रजेचा अर्ज लिहिताना. रजा आणि रजाकार! शोधलं तर दोघे सख्खे भाऊ निघाले. अरबीत 'रिझा' म्हणजे संमती, खुशी. वरिष्ठाने दिलेली संमती ती रजा. ज्याची संमती आहे तो राजी, ज्याची नाही तो नाराज. आणि आपखुशीने काम करणारा तो रझाकार, म्हणजे सरळ अर्थाने स्वयंसेवक. अरबीतलं एक जड अक्षर फारशीत 'झ' झालं आणि मराठीने त्याचा 'ज' केला. काझीचा काजी झाला तो याच वाटेने. त्यामुळे छापील 'रझाकार'पेक्षा आजींचा 'रजाकार'च मला जास्त मराठी वाटतो.

'मर्जी'ही याच घराण्यातली. हे कळलं तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवला.

माझा स्वतःचा पहिला अंदाज 'राजाकार', राजाचा माणूस, असा होता. तो सपशेल चुकला. संस्कृत राजाचा इथे काही संबंध नाही. दुसरं मत जास्त मोहात पाडणारं आहे: कासीम रझवीची माणसं म्हणून रझाकार. पण रझवी, हा लातूरचा वकील, रझाकारांमागच्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला १९४६मध्ये. स्वयंसेवकांचं दल त्याआधीच, १९४४मध्ये वारलेले तिचे आधीचे नेते बहादूर यार जंग यांच्या काळात उभं राहिलं होतं. तेव्हा ही व्युत्पत्ती टिकत नाही. गंमत अशी की रझवी हे आडनाव इमाम रझांवरून आलं आणि 'रझा' पुन्हा त्याच धातूतला. म्हणजे चुकीची व्युत्पत्तीही बरोबर दारातच येऊन उभी राहते!

सगळ्यात जास्त घोळ 'राजीनाम्या'चा आहे. अक्षरार्थ 'संमतीचा कागद'. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टांत आजही राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडायची तर तिकडे 'इस्तीफा'. मग मराठीत राजीनाम्याने नोकरी कशी सुटते? काहींच्या मते हा निव्वळ अर्थाचा घसरा. मला ते पटत नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा शेतकरी 'राजीनामा' लिहून द्यायचा आणि ती घेणारा 'कबुलायत'. माझी खात्री आहे की शेत सोडण्याचा हा कागदच पुढे खुर्ची सोडण्याचा कागद झाला.

संमतीच्या या घराण्यातला रझाकार शिवी कसा झाला, त्यासाठी आता हैदराबाद संस्थानाकडे पाहा. निजाम मीर उस्मान अली खान १९११पासून गादीवर, संस्थानाचे १६ जिल्हे, त्यातले ५ मराठवाड्याचे. निजामाची मर्जी हाच कायदा. सभेला आधी परवानगी हवी, ती 'गश्ती निशाण ५३'ने सक्तीची केलेली. शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू. १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन व्हायच्या आतच बंदी आली. सत्याग्रह झाला, वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले. १५ ऑगस्ट १९४७ला स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला, पण सीमेवरचे स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प आणि रझाकारांमुळे गावोगावी होणारी होरपळ थांबली नाही. भारतात विलीन व्हा असं लिहिणारे उर्दू संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये खून झाला. रझाकार स्वतःच्या खुशीने आले असतील. ज्यांच्या घरात ते शिरले त्यांची खुशी कुणी विचारली नव्हती. एवढ्या दहा वर्षांत 'संमती'तून निघालेला शब्द मराठीत शिवी झाला. १९७१च्या बांगलादेश युद्धानंतर बंगालीतही त्याचं तेच झालं.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामाने शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही सांगितलंच पाहिजे.

आजी आता नाहीत. तुमच्या इमारतीत मराठवाड्याचं कुणी जुनं माणूस असेल, तर येत्या १७ सप्टेंबरला त्यांच्याकडे जाऊन बसा. 'ॲक्शन', 'कॅम्प', 'रजाकार' हे शब्द ते कसे उच्चारतात ते ऐका आणि लिहून ठेवा.