कचरा कुणाच्या मालकीचा?

२०१९ च्या आषाढात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत नारळाच्या करवंटीवर वीस-पंचवीस मिनिटे चर्चा झाली. करवंटी ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? एका पक्षाचे म्हणणे, ती झाडाची, म्हणजे ओली. दुसऱ्याचे म्हणणे, वाळून खडखडीत झालेल्या वस्तूला ओली म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. पुण्यात अशा प्रश्नांवर मतदान टळते ते केवळ मध्येच चहा येतो म्हणून. त्यानंतरचा विषय मात्र पाच मिनिटांत उरकत आला होता. एका खासगी कंत्राटदाराचे पत्र आले होते. त्याची गाडी रोज फाटकाशी येईल, घरटी आकार आत्तापेक्षा कमी असेल आणि वर सुक्या कचऱ्याचे वजन करून त्याचे पैसे तो सोसायटीला देईल. खजिनदारांनी वर्षाचा हिशेबच मांडून आणला होता. २००८ पासून, म्हणजे अकरा वर्षे, मजले चढून आमचा कचरा नेणाऱ्या ताईंचे काय, असे कोणीतरी विचारले. तेव्हा ‘नियम काय म्हणतो ते आधी पाहू’ असे ठरले, आणि आयुष्यभर इतिहास शिकवला या एकाच पात्रतेवर नियमांचे टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले.

टिपण एका पानाचे हवे होते. ते लांबले, कारण मी कंत्राटदाराच्या पत्रातल्या एका वाक्यावर अडलो. सुक्या कचऱ्याचे पैसे सोसायटीला. म्हणजे तो कचरा आमच्या मालकीचा होता तर! टाकून दिलेल्या वस्तूवर टाकणाऱ्याची मालकी राहते का, हा प्रश्न घेऊन मी कायद्याकडे गेलो आणि बराच मागे जाऊन पोहोचलो.

माझे लहानपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेले. त्या घरात ‘कचरा’ हा एकच शब्द सगळ्याला पुरत नसे. केर वेगळा, खरकटे वेगळे. राखेने भांडी घासली जात, भाजीची देठे-साले मागच्या गोठ्यातल्या म्हशीपुढे पडत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. जी गोधडीलाही नालायक ठरत, ती देऊन आई बोहारणीशी तासभर हुज्जत घाले आणि शेवटी एक पातेले मिळवी. रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे यांना भाव होता आणि तो तिला पाठ होता. एवढे सगळे होऊन जे उरे, ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सिमेंटच्या गोल कुंडीत जाई. मात्र या आठवणीला फार गोंजारू नये. वाड्यामागच्या बोळातून टोपलीचे संडास साफ करायला जी माणसे येत, त्यांना पुढच्या दाराने येता येत नव्हते. आणि ते काम कोणी करायचे हे जन्माने ठरलेले होते. आमची काटकसर आणि हे, दोन्ही एकाच वाड्यात नांदत होते.

जात कायद्याच्या भाषेतही उतरली होती. मुंबई शहराच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात मालमत्तेवरच्या करांमध्ये ‘हलालखोर कर’ असा एक कर होता. मैला उचलणाऱ्यांचे नावच कराला दिलेले. पुण्याची महापालिका १९५० साली अस्तित्वात आली ती मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याखाली. त्यातली केरकचऱ्याची कलमे म्हणजे १८८८ च्या कलमांची धाकटी भावंडे. त्यांची मांडणी अशी: घरातला केर गोळा करून नेमलेल्या पात्रात नेऊन टाकणे हे घरमालकाचे किंवा राहणाऱ्याचे काम. ती पात्रे ठेवणे, रिकामी करणे, रस्ते झाडणे हे पालिकेचे. आणि पालिकेने गोळा केलेला सगळा केर ही पालिकेची मालमत्ता.

म्हणजे कायदा कुंडीपासून सुरू होत होता. दारापासून कुंडीपर्यंतची शंभर पावले त्याने घरवाल्यावर सोडली होती आणि घरवाल्याने मोलकरणीवर. कुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचणारी बाई या मांडणीत कुठेच नव्हती. दिसलीच तर दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावणारी म्हणून दिसे. पोलिसांना ती चोर वाटे, आणि आमच्या गल्लीलाही वाटत असे. आम्ही मुले तिच्या मागे कुत्रे सोडायचो, हे लिहिताना बरे वाटत नाही.

या बायकांपैकी पुष्कळजणींची घरे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली. बहुसंख्य दलित. शहरात धड कामाच्या जागा त्यांना बंद होत्या. कुंडी उघडी होती. तिला भांडवल लागत नव्हते, शिफारस लागत नव्हती. पुढे प्लास्टिक आले, तसा कुंडीत विकण्याजोगा माल वाढला आणि घाणही वाढली. आता डाळीचे पाणी, बाटलीची काच आणि दुधाच्या पिशव्या एकाच पोतडीत येऊ लागल्या.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या या वस्त्यांत पोहोचल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावे. शिकवण्याच्या निमित्ताने गेलेल्यांपुढे तिथे पोटाचा प्रश्न होता. तेव्हा त्यांनी घरोघरी जाऊन एक साधी विनंती केली: विकता येण्याजोग्या वस्तू खरकट्यात मिसळू नका, वेगळ्या ठेवा आणि या बाईच्या हातात द्या. ओल्या-सुक्याचा जो नियम आज लिफ्टमध्ये चिकटवलेला असतो, तो पुण्यात कोणत्याही राजपत्राच्या दहा वर्षे आधी असा आला. त्याचा उगम पर्यावरणात नव्हता. उष्ट्यात हात घालावा लागू नये, एवढीच त्यामागची मागणी होती. हे मला माहीत नव्हते. मी तो नियम सरकारी समजत होतो, आणि सरकारी नियमाबद्दल जितका आदर असतो तितकाच बाळगून होतो.

गंमत अशी, की लोक कचरा वेगळा करू लागताच त्याला किंमत आली, आणि एका व्यावसायिकाने गाडी घेऊन तो दारातून उचलण्याची तयारी दाखवली. बायका विरोधात उभ्या राहिल्या. सुटे सुटे राहून हे टिकणार नाही हे त्यांना तिथे कळले असावे. हमाल पंचायत उभारणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. मे १९९३ मध्ये अधिवेशन भरले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या नावात ‘कचरा’ हा शब्दच नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. आई ज्या वस्तूंना त्यांच्या नावाने ओळखायची, त्याच नावांनी या बायकांनी आपली संघटना ओळखली. ‘घनकचरा’ हा शब्द वापरणारे दुसरे कोणी होते.

१९९५-९६ च्या सुमारास पंचायतीच्या सदस्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. छातीवर पालिकेच्या मान्यतेचे कार्ड असलेल्या बाईला चोर म्हणणे थोडे अवघड झाले. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या पाहणीत तिच्या कामाचा हिशेबही निघाला. एकेक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम पालिकेला फुकट देत होती; तिने उचललेला माल वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचत होता.

मग देशाचा नियम आला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरांतल्या उकिरड्यांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. १९९६ मध्ये बंगळुरूच्या अलमित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने समिती नेमली आणि त्यातून २००० सालचे नागरी घनकचऱ्याचे नियम जन्मले. कचरा घरोघरी जाऊन गोळा करा, असे ते सांगत होते. कायदा अखेर कुंडी सोडून दारापर्यंत आला. हे चांगलेच झाले. पण दारातून कचरा नेला की कुंडी संपते, आणि कुंडी संपली की तिच्यावर जगणारी बाई संपते.

हे पॅरिसमध्ये आधी घडून गेले होते. १८८३ साली तिथल्या प्रीफेक्ट एजेन पुबेल यांनी घरमालकांना झाकणाची पात्रे ठेवण्याची सक्ती केली. कुजणाऱ्या वस्तू, कागद आणि चिंध्या, काच आणि फुटकी भांडी, अशी तीन वेगळी पात्रे. पॅरिसच्या चिंध्या वेचणाऱ्यांनी प्रचंड ओरड केली, कारण रस्त्यावरचा ढीग हीच त्यांची रोजी होती. पुबेल यांचे नाव फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला मिळाले ते आजतागायत. चिंध्या वेचणारा हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या नावाने फ्रेंचमध्ये काय उरले हे शोधायला मी फ्रेंच शिकलेलो नाही.

पुण्यात तसे झाले नाही, निदान अजून नाही. पंचायतीचा आग्रह होता, की दारातून कचरा न्यायचाच असेल तर तो कुंडीवरच्या बाईनेच न्यावा. २००५ पासून प्रयोग झाले. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्यातली व्यवस्था आमच्या खजिनदारांना मी दोनदा समजावली. घरटी आकार तिचा, आणि सुका माल विकून येणारे पैसेही तिचे. हे पैसे बक्षीस नव्हेत, तो मजुरीचाच भाग आहे. आकार कमी ठेवता येतो तो त्यामुळेच. कंत्राटदार आम्हांला जे देऊ करत होता, ते तिच्या मजुरीतून काढलेले होते.

८ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायचे. बॅटऱ्या, औषधे, सुया, रंगाचे डबे तिसऱ्यात. ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या या नियमांत दिलेली होती. १८८८ पासून चालत आलेल्या कायद्यांच्या भाषेत त्या बाईला अखेर जागा मिळाली. पण याच नियमांत एक कलम असे होते की ते वाचून मी पुस्तक मिटले. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. सुका कचरा ती हाताने निवडते. पुडके उघडल्याशिवाय त्यात काय आहे हे तिला कळत नाही. म्हणून ‘स्वच्छ’ने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. एक ठिपका, एवढेच मागणे.

२०१४ मध्ये माझी आई सात महिने अंथरुणाला खिळून होती. मोठ्या माणसांचे डायपर रोज तीन-चार निघत. मी ते काळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकायचो. पिशवी काळी, म्हणजे सभ्य. ठिपका वगैरे मला ठाऊक नव्हता आणि विचारावेसेही वाटले नव्हते. ताई एकदाही काही बोलल्या नाहीत. आई गेल्यावर तेवढे म्हणाल्या, “काका, आजींचं लई केलंत तुम्ही.”

ज्या शहरात दारातच वेगळे होत नाही, त्या शहराचा कचरा कोणाच्या तरी गावाला जातो. पुण्याचा आधी कोथरूडला जात होता. शहर कोथरूडला पोहोचले तेव्हा, १९९१ पासून, तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवेवर जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जागेवर पुढे मेट्रोचा डेपो झाला. उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात ते खोटे नाही. उरुळीचे मात्र फिटलेले नाहीत. तिथल्या विहिरींत कचऱ्याचे पाणी उतरले, गावे टँकरवर आली. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत आमच्या पेठांत ढीग लागतात, आणि तेवढे चार दिवस वृत्तपत्रांना उरुळी आठवते. २०१७ मध्ये ही दोन्ही गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. त्यांचा कचरा आमचा झाला की आमचा त्यांचा, ते कळेनासे झाले.

सभेपुढे मी शेवटी एकच वाक्य ठेवले. २०१६ चे नियम सोसायट्यांना सांगत होते, की पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे सोपवावा. कायद्याने ‘किंवा’ घातले होते. त्या ‘किंवा’च्या अलीकडे आमच्या ताई होत्या आणि पलीकडे कंत्राटदार बसू शकत होता, त्याच्याकडे अधिकृततेचा कागद असेल तर. कागद असला तरी अलीकडे राहायचे की पलीकडे जायचे, हे नियम सांगत नव्हता.

ताईंनाही बोलावले होते. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी एकच विचारले, “गाडीवाला ओला बी नेणार, का निस्ता सुका?” पत्र पुन्हा काढले. ओल्याबद्दल त्यात खाली बारीक अक्षरांत ‘वेगळा आकार पडेल’ असे होते. खजिनदारांनी चष्मा पुसला. विषय सहा महिने पुढे ढकलावा अशी सूचना आली आणि ती मंजूर झाली. कंत्राटदाराचे पत्र फायलीत आहे.

निघता निघता करवंटीवाल्या पक्षांपैकी एकाने ताईंनाच निवाडा मागितला. त्या हसल्या. “ती कशातच नका टाकू. बाजूला ठिवा, बंबाला लागती मला.”